कोल्हापूरच्या डोंगरात बिनरहदारीचा कच्चा रस्ता: पाणंद, कालवा, बंधारा आणि पठार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४७, तुमच्याकडे ३८ मिलिमीटर टायरची नवी ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यासाठीची) सायकल, पत्नीकडे साधी हायब्रीड. दोन रविवार पन्हाळा आणि गगनबावड्याच्या रस्त्याला गेलात. मागून ट्रक, पर्यटकांच्या गाड्या आणि उसाच्या डबल ट्रॉल्या, त्यामुळे पत्नीने पुन्हा येणार नाही असे सांगून टाकले. म्हणून तुम्हाला डोंगराळ भागातले, गाड्या नसलेले, चाळीस ते साठ किलोमीटरचे कच्चे रस्ते हवे आहेत आणि ते मोबाईलवर टाकायला तयार फाईल हवी आहे.

गेली चौदा वर्षे मी या जिल्ह्यात कच्च्या रस्त्यांवर सायकल चालवते. त्यातली नऊ वर्षे चार-सहा जणांचे गट घेऊन जाते. तरी अशी तयार फाईल मी कुणाला देत नाही. आमच्या भागात रस्ता मोकळा आहे की नाही हे महिना, वार आणि वेळेवर ठरते. डिसेंबरात ज्या पाणंदीत, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या वाटेत, मला फक्त बगळे भेटले, तिथे जानेवारीत ऊसतोड लागली की आठ-दहा दिवस पाय ठेवायला जागा नसते. फाईलमधली रेघ दोन्ही वेळा सारखीच दिसते. त्या रेघेवर विसंबून नवखा माणूस ट्रॉलीसमोर जाऊन उभा राहिलेला मी पाहिला आहे.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा समजते: आपल्या घरापासून दोन तासांच्या टप्प्यात, आजच्या दिवशी कुठला रस्ता मोकळा असेल हे स्वतःला कसे ओळखता येईल? ते शिकता येते. मी दर वेळी एकच गोष्ट विचारते, हा रस्ता कुणी, कशासाठी केला? ते कळले की त्यावर कोण, कधी येणार हे आपोआप कळते. गावाला गाव जोडणारा रस्ता आज कच्चा असला तरी त्यावर मोटारसायकली आणि वडाप (प्रवासी जीपगाड्या) असणारच. शेताला, पाण्याला किंवा चराऊ रानाला जाणारा रस्ता मात्र गाडीवाल्याच्या कामाचा नसतो. आपल्याला असे तुकडे शोधून एकमेकांना जोडायचे आहेत.

आधी पाणंद. गावनकाशात डांबरी-कच्चा भेद नसतो, पण रेघा बोलतात. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेने दाखवलेला असतो आणि पायमार्ग एकेरी तुटक रेघेने. मी आधी तो नकाशा बघते आणि मग उपग्रहाच्या चित्रावर तीच वाट आज उघडी आहे का हे तपासते, कारण कित्येक पाणंदी दोन्हीकडच्या बांधांनी खाऊन टाकल्या आहेत. निम्म्या पाणंदी शेवटच्या विहिरीपाशी संपतात. दोन गावांच्या शिवेवरून जाणारी पाणंद बहुतेक वेळा आरपार जाते, म्हणून शिवेच्या रेघा आधी धुंडाळायच्या. हल्ली बऱ्याच पाणंदींचे खडीकरण चालले आहे. शेतकऱ्याला त्याची गरज आहे, चिखलातून ऊस बाहेर काढताना त्याचे काय हाल होतात ते मी पाहिले आहे. सायकलीला मात्र नवी मोठी खडी पहिले वर्षभर त्रास देते. वर मुरूम पडून एक पावसाळा गेला की तीच पाणंद ३८ च्या टायरला सुरेख होते.

आता कालवा. डोंगराळ भागात सपाट रस्ता हवा असेल तर कालव्याकडे बघा. पाणी आपल्या उताराने वाहायला हवे म्हणून कालवा डोंगराच्या कुशीतून समपातळीच्या रेषेवर, जवळजवळ न कळण्याइतक्या उताराने काढलेला असतो. त्याच्या बाजूची देखभालीची वाटही तशीच जाते. दूधगंगेचे डावा आणि उजवा असे दोन कालवे आहेत. काळम्मावाडी धरणाकडून खाली येताना ते गावांच्या वरच्या अंगाने जातात, त्यामुळे खाली नदीकाठी गावे, मध्ये ऊस आणि वर डोंगर असे सगळे एका नजरेत दिसते. तुमच्या पत्नीला पुन्हा सायकलीवर बसवायचे असेल तर माझ्या मते सुरुवात इथेच करावी. चढ नाही, मागून गाडी नाही, आणि दमल्यावर ज्या वाटेने आलो त्याच वाटेने परत जाता येते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. कालव्याची वाट पाटबंधारे खात्याची असते, आपण पाहुणे आहोत. फाटक लावलेले असेल तर ते ओलांडायचे नाही. आणि सिमेंट अस्तर असलेल्या कालव्यात माणूस पडला तर गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही. म्हणून वाट अरुंद झाली की पाण्याच्या बाजूने नाही, पाण्यापासून लांबच्या कडेने चालवायचे आणि दोघांनी कधीही शेजारी-शेजारी चालवायचे नाही.

बंधाऱ्यांबद्दल मला सगळ्यात जास्त जिव्हाळा आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांची मिळून पंचगंगा होते. मोठ्या पुलांवरून नदी ओलांडायची म्हटले की आपण हमखास हमरस्त्यावर येतो. पण आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाणारा बंधारा, म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, नदीत ठिकठिकाणी आहे. दगडी खांबांच्या मध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचे आणि पावसाळ्याआधी ते काढून नदीला वाट मोकळी करायची, अशी त्याची रीत. वरची फरशी अरुंद असते, पुष्कळ ठिकाणी अवजड वाहनांना ती बंद असते. ट्रकला जे अडवते तेच सायकलीला वाट देते. कसबा बावड्याचा राजाराम बंधारा ओलांडून वडणगे-निगव्याच्या बाजूला उतरलात की शहर मागे पडते आणि पुढे शिवारातून जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत जोडत जाता येते.

पण बंधारा हंगामी रस्ता आहे हे विसरायचे नाही. पाऊस सुरू झाला की दरवर्षी 'इतके बंधारे पाण्याखाली' अशी बातमी येते, ती आपल्यासाठीच आहे असे समजा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. बंधाऱ्याची फरशी त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जाते. एका जूनमध्ये मी भोगावतीवरच्या एका बंधाऱ्याशी पोहोचले तेव्हा फरशीवरून जेमतेम वीतभर पाणी वाहत होते. पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर, आणि घर बंधाऱ्यावरून अकरा किलोमीटर. माझ्यासोबतच्या एकाने चाक पाण्यात घातले आणि चाक लगेच बाजूला ओढले गेले. आम्ही फिरलो आणि सव्वीस किलोमीटरचा वळसा घालून अंधारात घरी आलो. तेव्हापासून माझा नियम आहे: फरशी कोरडी दिसली तरच पाय ठेवायचा. कठडे नसतात, त्यामुळे कोरड्या बंधाऱ्यावरही नवख्याने उतरून चालत जावे.

चौथा प्रकार पठारांचा. मसाई पठार तुम्ही ऐकून असाल. पन्हाळ्याहून म्हाळुंगेमार्गे वर गेले की जांभ्याचे विस्तीर्ण सडे, म्हणजे सपाट कातळ, लागतात. १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ती वाट याच पठारावरून जाते, आणि दर पावसाळ्यात शेकडो लोक ती पायी चालतात. जांभ्यावर कोरड्या दिवसांत सायकल अशी चालते की परतावेसे वाटत नाही. टायरला पकड मिळते, माती उडत नाही, नजर अडत नाही.

इथे माझे एक मागणे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे सडे फुलांनी भरतात. कातळावर बोटभर मातीचा थर असतो, त्यात ती फुले जगतात. त्या थरावरून एक चाक गेले की चर पडतो, पुढच्या पावसात तिथून माती वाहून जाते आणि तो चर वर्षानुवर्षे भरत नाही. मसाई पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे. गाडीवाट सोडून एक फूटही बाजूला जाऊ नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. फुलांच्या दिवसांत मी गट नेतच नाही. पायी जाते. पावसात जांभ्यावर शेवाळ धरते, तेव्हा तिथे चालवणे धोक्याचेही असते.

आता हंगाम. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. दोन्ही एकाच जिल्ह्यात. या फरकावर माती ठरते आणि मातीवर तुमचा दिवस ठरतो. पश्चिमेची तांबडी जांभ्याची माती पाणी लवकर पिते, पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांत चालवण्याजोगी होते. पूर्वेची नदीकाठची काळी माती मात्र चिकटते. परतीच्या पावसानंतर मी एकदा घाईने काळ्या रानातल्या पाणंदीत शिरले. शंभर मीटरमध्ये टायर आणि फ्रेमच्या मध्ये चिखल असा गच्च बसला की चाक फिरेना. सायकल खांद्यावर घेऊन तीन किलोमीटर चालले, आणि एका शेतकरी काकांनी खुरप्याने चिखल काढून दिला. त्या आठवड्यात तांबड्या मातीकडे गेले असते तर काही झाले नसते.

माझ्या अनुभवाने डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला, पण तोच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. म्हणून या महिन्यांत मी ऊसपट्टा सोडून भात-नाचणीच्या पट्ट्यात जाते: राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडीचा वरचा भाग. मार्च-एप्रिलमध्ये कारखाने थंडावले की मग कालवे आणि पाणंदी, तेही पहाटे निघून दहापर्यंत सावलीत. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर पठारावर थांबायचे नाही. वळीव येतो तेव्हा विजेसमोर त्या उघड्या माळावर सर्वांत उंच वस्तू तुम्ही असता.

वाराचेही तसेच. रविवार जोतिबाचा वार. माघातल्या खेट्यांच्या (जोतिबाला पायी दर्शनाला जाण्याच्या) रविवारी आणि चैत्र यात्रेच्या आसपास त्या डोंगराकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा भाविकांच्या असतात आणि त्या त्यांच्याच असायला हव्यात. पन्हाळ्याला शनिवार-रविवार गाड्यांची रांग असते. तुम्ही दोन्ही वेळा रविवारी गेलात. सुट्टी रविवारचीच असेल तर दिशा बदला. दक्षिणेला, भुदरगडकडे जा.

जागेवर पोहोचल्यावर रस्ता वाचायला शिका. गाडीवाटेच्या मधोमध गवताचा पट्टा हिरवा आणि उभा असेल तर चारचाकी तिथे क्वचित येते. गवत दबलेले आणि त्यावर तेलाचे डाग असतील तर ट्रॅक्टरची ये-जा आहे. उसाचे वाडे (हिरवे शेंडे) आणि पाचट सांडलेले दिसले तर पुढे तोड चालू आहे. शाहूवाडी-राधानगरीकडच्या पठारांवर बॉक्साईटच्या खाणी आहेत. तिथे रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर लाल धुळीचा ताजा थर दिसला की डंपर चालू आहेत, परत फिरा. आणि माणसांना विचारा. "रस्ता कुठे जातो?" असे विचारले की सगळे डांबरी रस्ताच सांगतात, आपुलकीने सांगतात. "बैलगाडी जाते का?" असे विचारा. बैलगाडी जाते आणि जीप जात नाही, ती आपली वाट.

जनावरांबद्दल स्पष्ट बोलते. राधानगरी अभयारण्य १९५८ मध्ये दाजीपूरच्या गव्यांसाठी झाले, आज ते ३५१ चौरस किलोमीटरचे आहे. अभयारण्याच्या फाटकाच्या आत वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल न्यायची नाही. पण गवा फाटक बघत नाही, तो भुदरगड-पन्हाळ्याच्या शेतांतही येतो. सायकलीचा आवाज होत नाही, म्हणून आपण त्याच्या फार जवळ पोहोचेपर्यंत त्याला कळत नाही, आणि धोका तिथेच आहे. झाडीतल्या वळणावर मी घंटी वाजवते किंवा मोठ्याने बोलत जाते. दिसला तर थांबायचे, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरायची, हळूहळू मागे सरायचे. सकाळी उजाडल्याशिवाय आणि संध्याकाळी पाचनंतर जंगलाच्या कडेला असायचे नाही. आजरा-चंदगडच्या बाजूला हत्तींचा वावर आहे. तिकडे आदल्या दिवशी गावात फोन करून विचारल्याशिवाय मी निघत नाही. धनगरवाड्यांवरचे कुत्रे मात्र वेगाला भुंकतात. उतरून चालायला लागलात की बहुतेक वेळा गप्प होतात.

सायकलीबद्दल. तुम्हाला नवीन काही घ्यायची गरज नाही. ३८ चा टायर पुरतो. हवा मात्र डांबरीसारखी टम्म भरू नका. ७० किलोच्या माणसाने ट्यूब असताना मागे साधारण ४२ आणि पुढे ३८ पीएसआयपासून सुरुवात करावी, मग दोन-दोनने कमी करत बघावे. रिमला दगड लागल्याचा आवाज आला की थोडी वाढवायची. पत्नीच्या हायब्रीडवर फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद टायर बसवा. गिअर हा खरा प्रश्न आहे. पुढच्या लहान चक्राचे दात मागच्या मोठ्या चक्राच्या दातांएवढे किंवा कमी हवेत. कच्च्या चढावर उभे राहून पेडल मारले की मागचे चाक जागेवर फिरते, तिथे बसूनच चढावे लागते आणि त्यासाठी हलका गिअर लागतो. उतारावर वेग वळणाच्या आधी कमी करायचा. मुरमावर वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटते.

बाभळीचे काटे सगळीकडे आहेत. दोन ट्यूब, ठिगळे, पंप, साखळीची जोडकडी एवढे माणशी हवे. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा असेल तर त्याचे छोटे पितळी अ‍ॅडॅप्टर घ्या. अगदी स्वस्त मिळते, आणि ते असले की गावातल्या मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडेही हवा भरता येते. पाणी माणशी दोन लिटर. वाड्यावस्त्यांवर मागितले तर कुणी नाही म्हणत नाही, ताकही देतात. पण मे महिन्यात बायका लांबून पाणी आणतात, तेव्हा त्यांच्या हंड्यातले पाणी बाटल्या भरून न्यायचे नाही.

अंतराचा हिशेब बदला. डांबरीवर तुम्ही तासाला वीस किलोमीटर जात असाल, तर डोंगरातल्या कच्च्यावर दहा-बारा धरा. तुमचे साठ किलोमीटर म्हणजे थांबे धरून सहा-सात तास. सुरुवातीला पंचवीस पुष्कळ झाले.

मी तुमच्या जागी असते तर पुढचे तीन महिने असे काढले असते. आधी दोन-तीन वेळा राजाराम बंधारा ओलांडून शिवारातून कुशिरे-पोहाळ्याच्या पायथ्यापर्यंत जायचे, पोहाळ्याची लेणी बघायची आणि परत यायचे, तेही शनिवारी सकाळी, रविवारी नाही. मग सायकली गाडीवर टाकून दूधगंगेच्या कालव्याला, पंधरा किलोमीटर जाऊन तेवढेच परत. त्यानंतर मसाई, पन्हाळ्यापर्यंत गाडीने. आणि पाय तयार झाले की पाटगाव. गारगोटीच्या पुढे वेदगंगेच्या खोऱ्यात, मौनी महाराजांचा मठ असलेले, मधाचे गाव म्हणून ओळखले जाणारे. तिथे मुक्काम करून सकाळी भटवाडीकडून चिक्केवाडीच्या दिशेने, रांगणा किल्ल्याच्या वाटेने. ही वाट खडबडीत आहे, जंगलातून जाते, काही ठिकाणी सायकल ढकलावी लागेल. जाण्याआधी गावात आणि वनखात्याकडे विचारायचे, आणि दुपारी दोनला जिथे असाल तिथून मागे फिरायचे. या जिल्ह्यातली माझी सर्वांत आवडती सकाळ त्याच वाटेवरची आहे. तीन तासांत एक गुराखी आणि दोन शेकरू, बाकी कुणी नाही.

पत्नीला पहिल्या दिवशी पुढे चालवू द्या आणि वेग त्यांचा ठेवा. मागे राहणाऱ्याला प्रत्येक आवाज आपल्यावर येतोय असे वाटते, आणि ट्रकच्या धास्तीनंतर ती भीती जायला चार-पाच फेऱ्या लागतात. त्यांच्या टायरच्या कडेला छापलेला आकडा आणि मागच्या चक्राचे दात मोजून कळवा. त्या सायकलीने मसाईचा चढ बसून चढता येईल की नाही ते सांगते.